पणजोबांचा दाखला

यंदा मी दहावीला आहे. घर दहा बाय बाराचं, त्यात शेजारचा टीव्ही. म्हणून अभ्यास विहारात करते. भूमितीची भीती गेली, दाखल्याची जात नाही. अकरावीच्या सवलतीसाठी जातीचा दाखला हवा आणि त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. पणजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, मग शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? १९५६ साली घरानं जे नाव टाकलं, तेच जुन्या कागदात शोधायचं! खिडकीवरचे साहेब 'पुन्हा या' म्हणतात. बाबांचे दोन खाडे झाले. आता आजोबा तालुक्याला गेलेत, कोतवाल बुकातली नोंद शोधायला. त्यांना वाचता येत नाही. पणजोबांचं नाव मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.