फळीवरची काळी भांडी

भनपुरीत राहणाऱ्या माणसाने काळ्या भांड्यांचा संग्रह करावा, यात थोडा विनोद आहेच. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही कारखान्यांची वस्ती. खिडकी उघडी राहिली की सकाळी पुस्तकांवर काजळीचा थर बसलेला असतो. ती पुसता पुसता पुरेवाट होते आणि वर हे काळी मडकी विकत आणतात, अशी घरातल्यांची तक्रार असते.

संग्रहाचा आरंभ मेक्सिकोतून आलेल्या एका भेटीने झाला. एका स्नेह्याने ओआहाका प्रांतातील सान बार्तोलो कोयोतेपेक या गावचा काळा कुंभ आणून दिला. तेथील जुनी रीत चाकावाचूनची; एक बशी पालथी घालून तिच्यावर दुसरी उताणी ठेवायची आणि ती हाताने फिरवीत भांडे घडवायचे. पूर्वी ही भांडी करड्या रंगाची व कणखर असत. त्यांतून पाणी आणि मेस्काल नावाची दारू वाहून नेत. १९५० नंतरच्या दशकात रोसा रेआल या कुंभारणीच्या ध्यानात आले की, भांडे पुरते सुकण्याआधी गारगोटीने घोटले आणि भट्टीची आच कमी ठेवली, तर ते काळे कुळकुळीत, आरशासारखे निघते. संग्राहकांची रीघ लागली. त्या चकाकीची किंमत मात्र अशी की, अशा भांड्यात पाणी ठरत नाही. मी एकदा हट्टाने भरून पाहिले. सकाळी फळीवर ओले वर्तुळ उमटले होते आणि खालच्या फळीवरचा कोशाचा एक खंड भिजला होता.

पुढे आझमगढ जिल्ह्यातील निझामाबादची रुपेरी वेलबुट्टीची सुरई आली. तीही पाहण्यापुरतीच. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत सापडलेली, आतून काळी व बाहेरून तांबडी भांडी नागपुरात पाहिली, तेव्हा मात्र मी थबकलो. मृताच्या सोबत पुरलेली ती भांडी. मेलेल्यालाही भांडे वापरायलाच लागते, अशी पुरणाऱ्यांची समजूत असावी.

या काळेपणाचे मर्म बहुतांशी एकच. मातीत लोह असते. भट्टीत हवा खेळती राहिली तर ते तांबडे होते, तोंडे बुजवून धूर कोंडला तर काळे. याच रस्त्यावर पुढे सिलतऱ्याला लोहखनिजातला प्राणवायू कोळशाकरवी काढून घेऊन स्पंज आयर्न करतात, तेही तत्त्वतः हेच.

आठवडी बाजारात एक वृद्ध कुंभारीण काळ्या हंड्या घेऊन बसे. अक्तीच्या, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या आधी मी तो मेक्सिकन कुंभ पिशवीत घालून तिच्याकडे गेलो. अशी डझनभर भांडी घोटून दे, मागशील ते देईन, असे सांगायचे मनात होते. तिने कुंभ हातात घेतला, बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान लावला.

‘‘कच्चा हे, गुरुजी.’’

पुढे बोलण्याचा धीर मला झाला नाही. मी तिचीच एक हंडी उचलली. तेव्हा तिने विचारले, ‘‘पानी भरे बर लेवत हव कि देखे बर?’’ भरायला की बघायला?

‘‘भरायला,’’ मी म्हणालो. ते खोटे होते.

तिने वर एक परई फुकट दिली. (आपले परळ आणि इकडची परई शेजारी ठेवून पाहावीत, आकारही जुळतो.)

हंडी महिनाभर फळीवर राहिली. येता-जाता तिच्याकडे लक्ष जाई आणि ते उत्तर आठवे. एका दुपारी मी ती उतरवली, धुतली आणि स्वयंपाकघरात मातीच्या चुंबळीवजा कड्यावर भरून ठेवली. आता तिचे पोट सदा ओलसर असते. हात लावला की काळेपणा बोटांना लागत नाही, गारवा लागतो.

यंदा तिच्या काठाला बारीक तडा गेला आहे. आता तरी ही वर ठेवावी, नाहीतर फुटेल, असे माझ्यातला संग्राहक रोज सकाळी सांगतो. मी तडा चाचपतो, परई काढतो आणि घोटभर पाणी पितो.