आईची पाच मिलीची बाटली

मे महिन्यात आईला दातासाठी अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. वय बाहत्तर, त्यात शुगर. आमच्या बोरी गावात दुपारी घरावरचे पत्रे तापलेले, लाईट येऊन-जाऊन. मला धास्ती होती ती अंगातलं पाणी जाण्याची. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवलं आणि घोट-घोट पाजत उशाशी बसलो.

भाऊ परभणीहून याकुल्टच्या बाटल्या घेऊन आला. मिनोरू शिरोता या जपानी संशोधकानं १९३० मध्ये शोधलेले जिवाणू त्यात असतात आणि त्या थंडच ठेवाव्या लागतात. बसमधून जिंतूर रस्त्यानं येईपर्यंत कोमट झालेल्या, घरचा फ्रीज बंद. जिवाणू जिवंत पोचले नाहीत तर घेऊन उपयोग काय? शिवाय ते पेय गोड. भावाला वाईट वाटलं, पण मी ते आईला दिलं नाही.

डॉक्टरांनी पाच मिलीच्या बाटल्या लिहून दिल्या. आत बॅसिलस क्लॉसीचे दोनशे कोटी बीजाणू. बीजाणू म्हणजे टणक कवचात निजलेला जिवाणू, त्याला फ्रीज लागत नाही. पुष्कळशा अँटिबायोटिकनं तो मरत नाही, म्हणून गोळ्या चालू असतानाही देता येतो. लिहिण्याआधी त्यांनी विचारलं, स्टेरॉइड चालू आहेत का? प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसाच्या रक्तात असे जिवाणू क्वचित शिरतात, म्हणून. शौचावाटे रक्त पडलं किंवा ताप आला तर लगेच आणा, असंही बजावलं.

आईनं बाटली तोंडाला लावली. "हे औषध हाय का नुसतं पाणी?" चव नाही, वास नाही, आणि पैसे दाताच्या गोळ्यांपेक्षा जास्त. तिला ताक हवं होतं. ताकातले जिवाणू जठरातल्या आम्लातून किती तगतात, ते विरजणागणिक वेगळं. तरी पातळ, मीठ घातलेलं ताक तिच्या पोटात ठरलं, तेव्हा मला हायसं वाटलं.

गोळ्या पाचव्या दिवशी संपल्या, सहाव्या दिवशी जुलाब थांबले. बाटलीनं थांबले की गोळ्या संपल्यानं, हे मला सांगता येणार नाही. काही प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक असे जिवाणू, अशा जुलाबांवर उपयोगी पडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, पण एका जातीच्या जिवाणूचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही.

तीन बाटल्या उरल्या. कोनाड्यात ओआरएसच्या पाकिटांमागे ठेवल्या आहेत.