आईच्या मणक्याचा एमआरआय

दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली आणि आईची कंबर धरली. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात कंबर कोणाची दुखत नाही? ओटी बांधून दिवसभर वाकायचं म्हटल्यावर ते आलंच. पण कळ मांडीतून पोटरीत उतरू लागली, पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा तिला यवतमाळला दाखवलं. गोळ्या, शेक, आराम सगळं झालं, तरी दुखणं हटेना. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला.

पूर्वी एमआरआय म्हटलं की आमच्याकडचे लोक नागपूर नाहीतर सेवाग्राम-सावंगी गाठायचे. आता तो यवतमाळातच होतो, ही मोठी सोय. आईला मात्र धास्ती. ‘बोगद्यात घालून करंट देतात,’ असं शेजारणीनं तिच्या डोक्यात भरवलेलं.

तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. केसांतल्या पिना निघाल्या, जोडवी निघाली, बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनाही निघाल्या. डोरल्यावर गाडी अडली.

“डोरलं कायले काढू? सोनं का चुंबकाले चिकटते?”

प्रश्न बिनतोड होता. मुलगी हसली. “नाही चिकटत, आजी. पण मशीनमधल्या रेडिओ लहरींनी धातू तापतो, चटका बसतो.” पिनांचं कारण वेगळं. त्या चुंबकाकडे सुसाट ओढल्या जातात. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट. त्याची गुंडाळी द्रवरूप हेलियमनं उणे 269 अंशांपर्यंत थंड ठेवतात, त्यामुळे तिच्यातला प्रवाह थांबत नाही. लाइट गेली तरी चुंबक चालूच! 2018 साली मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन अशा खोलीत शिरलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला, तो याच ओढीमुळे. भीती बाळगायची ती धातूची. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे क्ष-किरण इथे नसतातच.

कानात कापसाचे बोळे घालून आई आत गेली. ठकठक, मग घरघर, मग पुन्हा ठकठक. बाहेर आल्यावर म्हणाली, “थ्रेशरच्या बाजूले निजल्यासारखं वाटलं.”

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. हे यंत्र शरीरातल्या पाण्याचा, म्हणजे त्यातल्या हायड्रोजनचा वेध घेतं. मणक्यांमधली गादी पाणीदार असेल तर या चित्रात उजळ दिसते, सुकलेली असेल तर काळी. आईच्या वरच्या गाद्या उजळ होत्या. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली काळी पडून मागे सरकली होती आणि शीर दाबत होती. एक्स-रेत हाडं दिसली होती, पण गादी आणि शीर दिसली ती इथेच.

रिपोर्टमधला ‘डिस्क बल्ज’ हा शब्द गावात पोचला आणि जो तो ऑपरेशनचं बोलू लागला. डॉक्टरांनी मात्र पाय उचलून पाहिला, अंगठ्यात जोर किती ते तपासलं आणि ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. 1994 साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय वाचले गेले. निम्म्याहून अधिकांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा निघाला. म्हणजे फिल्ममध्ये दिसतं ते सगळंच दुखतं असं नाही. फिल्म आणि तपासणी जुळली तरच तिला अर्थ. आईचं जुळत होतं, पण पायातला जोर शाबूत होता. व्यायाम आणि वाकण्याचं काम बंद, एवढ्यावर निभावलं. त्या हंगामात वेचणीला मजूर लावले. उन्हाळ्यापर्यंत पायाची कळ गेली.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की गावात वाचत बसू नका, तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. अंगात पेसमेकर, सळई, छर्रा काहीही असेल तर आत जाण्याआधी सांगा. आणि पाय लुळा पडू लागला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही घरी थांबू नका.