नारोशंकराची घंटा

नाशिककर तिला नारोशंकराची म्हणतात. आम्ही वसईजवळच्या चिंचोटीकडची माणसं मात्र ती आमचीच समजतो. पंचवटीत रामेश्वराच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर, छत्रीखाली ती ऐटीत असते. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी हे देऊळ १७४७ मध्ये बांधलं. ही त्याहून वयानं मोठी. अंगावर १७२१ हा इसवी सन. शक नाही, संवत नाही. बाई परक्या घरातल्या, हे तिथेच कळतं.

माहेर वसई. गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या धास्तीने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. पुढची दोनशे पाच वर्षं ते तिथे ऐसपैस राहिले. मग चिमाजी आप्पांच्या मराठी फौजेचा वेढा पडला. मे १७३९ मध्ये सुरुंगांनी सॅन सेबॅस्टियन बुरूज फोडला, आणि फिरंग्यांनी अटी ठरवून किल्ला सोडला. चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळोदेवळी गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया अजून ओळखू येते. कुणी ती घासून काढली नाही, हे मला फार आवडतं.

फिरंगी गेले, पण ख्रिस्ती रयत कुठे जाणार? शेती इथली, होड्या इथल्या, बोलीही इथलीच. चर्चच्या ठोक्यांवर ज्यांची पहाट व्हायची, ती माणसं मागे राहिली आणि घंटा पुढे गेल्या. वसईच्या मोहिमेचा अभिमान मलाही आहे. पण तिचे पोवाडे गाताना या माणसांची आठवण कुणी काढत नाही.

त्या युद्धाचं संग्रहालय म्हणून लोक हायवेवरून चिंचोटीला वळून किल्ल्यावर जातात. तट आहेत, बिनछपराची चर्च आहेत, चिमाजी आप्पांचा पुतळा आहे. आवाज तेवढा नाशिकला गेला.

तिथे तिला आणखी एक काम लागलं. गोदावरी चढली की नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याशी. तोवर सराफ बाजाराची आवराआवर सुरू झालेली असते. घंटेची पाळी सगळ्यात शेवटी. १९६९ च्या महापुरात ती आली. पाणी घंटेला लागलं, आणि जुने नाशिककर अजून मोठा पूर त्याच मापाने मोजतात.