गाडी खाली घेतली, पण कोनांचं काय?

मंडळी, बी.ए.ला माझे विषय मराठी आणि इतिहास. तेव्हा मी मोटारीवर लिहितोय हे पाहून काही जण हसतील. पण कॅलिफोर्नियातल्या धाकट्या चिरंजीवांनी 1972 सालची डॅटसन 240झेड घेतली आणि सत्तरी उलटल्यावर माझं शिक्षण पुन्हा सुरू झालं.

निस्साननं 1969 मध्ये आणलेल्या मालिकेतली ही दोन आसनांची गाडी. सहा सिलिंडर, 2.4 लिटरचं इंजिन. चिरंजीवांनी आखूड स्प्रिंगा घालून ती दीड इंच खाली घेतली. वळणावर कमी झुकते, दिसतेही ऐटदार. पण उंचवट्यावरून जाताना स्टिअरिंग सरळ धरलेलं असूनही गाडी बाजूला ओढायला लागली. ह्याला म्हणतात बंप स्टिअर. हे ऐकलं आणि माझी झोप उडाली. कारण शेजारच्या सीटवर नात बसते.

"अरे, पण असं होतं का?" मी फोनवर विचारलं.

"बाबा, तुम्ही फळ्यावर कंपास फिरवायचात ना? तेच आहे हे."

चाकाला खालून धरणारा कंट्रोल आर्म आणि चाक वळवणारा टाय रॉड, दोन्हींची आतली टोकं गाडीकडे बांधलेली. चाक वर-खाली झालं की बाहेरची टोकं कंसात फिरतात. हे कंस जुळले तर चाकाची दिशा बदलत नाही. दांडी आडवी असेल तर टोक थोडं हललं तरी त्याचं आडवं अंतर जवळपास तेवढंच राहतं. तिरकी असेल तर तेवढ्याच हालचालीत बरंच बदलतं. गाडी खाली बसली की दांड्यांची बाहेरची टोकं वर चढतात, कंसांचा मेळ बिघडतो आणि चाक आपणहून वळतं. नुसतं अलाइनमेंट करून हे भागत नाही, कारण ते उभ्या गाडीचं, एकाच उंचीचं असतं.

उपाय साधा. स्ट्रटचं बूड आणि स्टिअरिंगचा आर्म यांच्यामध्ये 20-25 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि लांब बोल्ट. दोन्ही दांड्यांची बाहेरची टोकं एकदमच खाली येतात. गाडी खालीच राहते, कोन मात्र जवळपास पूर्वीसारखे होतात. रिमला आतून काही घासत नाही ना, तेवढं बघायचं. मग स्प्रिंग काढून, स्टिअरिंग बांधून ठेवायचं आणि जॅकनं चाक थोडं थोडं उचलत दर टप्प्याला त्याची दिशा मोजायची. त्यानं पाठवलेला आकड्यांचा तक्ता मी शिक्षकी सवयीनं दोनदा तपासला. मगच नातीला बसायची परवानगी!

असो. ही गेल्यापासून चिरंजीवांचं एकच पालुपद, "साताऱ्याचं घर बंद करा, इकडे या." परवा म्हटलं, "यायला माझी ना नाही रे. पण इथलं वाचनालय, सकाळी अजिंक्यताऱ्याकडे फिरायला येणारी मंडळी, हिची तुळस... सगळं ह्या उंचीला जुळलेलं आहे. त्या कोनांचं काय?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "बाबा, आधी तीन महिने या. मोजून बघू."