पाळण्यातले पाय

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात लक्षणेचे उदाहरण म्हणून शिकवीत आलो. वाच्यार्थ बाधित झाल्याखेरीज लक्षणा प्रवृत्त होत नाही, हे सांगताना तो वाच्यार्थ कधी जसाच्या तसा समोर येईल, अशी शंकाही मनाला शिवली नव्हती. २०१६च्या पावसाळ्यात अलोरे येथील कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत धाकट्या भावाला मुलगी झाली आणि पाळण्यात पाय दिसले. उजवे पाऊल आत वळलेले, टाच वर ओढली गेलेली.

"ग्रहणात काही चिरलं असेल," आई म्हणाली. भावजयीकडे न पाहता म्हणाली, एवढेच. पायगुण, पांढऱ्या पायाची... सुनेच्या पायांविषयी बोलण्याची आपल्या भाषेतील सोय फार जुनी आहे. अशा शब्दांवर आम्ही निबंध वाचलेले आहेत. त्या दिवशी मात्र आम्ही गप्प बसलो.

साधारणपणे हजारात एका बालकाला असे पाऊल घेऊन यावे लागते आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. हे मुंबईच्या बाल-अस्थिरोगतज्ज्ञांनी भावजयीला सांगितले, तेव्हा ती प्रथमच रडली.

आमच्या मनात मात्र दुसरेच भय होते. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'त (१८५७) शार्ल हा सामान्य वकुबाचा वैद्य, औषधविक्या ओमेच्या आणि एमाच्या आग्रहापोटी, खानावळीतील इपोलीतच्या वाकड्या पायाची शीर कापतो, पाय लाकडी पेटीत आवळतो. पाय सडतो आणि अखेर मांडीपासून तोडावा लागतो. हे प्रकरण आम्ही एमाच्या भ्रमनिरासाच्या अंगाने शिकवीत असू. इपोलीतचे पुढे काय, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही, आणि आम्हीही नाही. आता डॉक्टर तीच शीर, टाचेमागची, कापायची म्हणत होते!

परंतु ती शेवटी. आधी दर आठवड्याला प्लास्टर, बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात. ही पद्धत इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) यांची. मिनोर्का बेटावर जन्मलेला हा माणूस स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर उपचार करीत होता. पराभवानंतर फ्रान्स, मेक्सिको असा फिरत १९४१मध्ये अमेरिकेतील आयोवात पोचला. मोठ्या शस्त्रक्रियांनी सरळ केलेली पावले पुढे ताठर आणि दुखरी होतात, असे त्यांना दिसले. त्यांची पद्धत हातांची. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला जाणवणाऱ्या हाडाच्या माथ्यावर अंगठा टेकवायचा आणि पाऊल हळूहळू बाहेर वळवायचे. टाचेला हात लावायचा नाही. ती आपोआप मागोमाग येते. व्यवसायबंधूंनी कित्येक दशके तिकडे दुर्लक्ष केले. १९९६मध्ये त्यांचे पुस्तक निघाल्यावर ती सर्वत्र पसरली, त्यात मुलांच्या आईबापांचा वाटा मोठा.

त्या आठवड्यांत भावजय डोंबिवलीला आत्याकडे राहिली. सहावे प्लास्टर उतरल्यावर भूल फक्त त्या जागेपुरती देऊन शीर कापली. जखम तांदळाच्या दाण्याएवढी. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर, आणि नंतर खरी परीक्षा: आडव्या पट्टीला जोडलेले बूट, तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चौथ्या वर्षापर्यंत झोपेत. चांगल्या पायालाही बांधून घ्यावे लागते, हे आईला अखेरपर्यंत पटले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पोर रात्रभर रडते म्हणून बूट माळ्यावर गेले (ते आम्हीच ठेवले, कोणाच्या सांगण्यावरून, हे आता विचारू नये). दिवाळीपर्यंत पाऊल पुन्हा आत वळू लागले. पुन्हा दोन प्लास्टरे, पुन्हा डोंबिवली. निघताना भावजय म्हणाली, "भाऊजी, या वेळी तरी ग्रहण नव्हतं ना?" आई आतल्या खोलीत होती, तिला ऐकू गेले असावे. त्यानंतर रात्री पट्टी बांधण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले आणि एकही रात्र चुकवली नाही.

मुलगी आता शाळेत जाते, घाटातल्या मुलांसारखी धावते. उजवी पोटरी थोडी बारीक, पाऊल एका मापाने लहान. ते तसेच राहायचे. त्यामुळे चिपळूणला चपला घेताना दोन जोड घ्यावे लागतात. उरलेले बेजोड पायताण आई कोणाला टाकू देत नाही. पलंगाखाली एका खोक्यात ते ओळीने ठेवलेले आहेत.