बाटलीचा सापळा : मे महिन्यातली पानं

वसमत, 12 मे 2024

सकाळी घरच्या माशांच्या टाकीतल्या काळ्या मोलीची शेपूट अर्धी कुरतडलेली दिसली. गेल्या आठवड्यात दोन गप्पी मेले, तेव्हा मी उन्हाला दोष दिला होता. आता शंका उरली नाही. मुलाने दोन वर्षांपूर्वी नांदेडहून आणलेला पट्टेवाला मासाच हे करतो. आणला तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढा होता. दुकानदार त्याला ‘झेब्रा’ म्हणाला होता. खरं नाव कॉनव्हिक्ट सिक्लिड, मूळचा मध्य अमेरिकेतल्या ओढ्या-तळ्यांतला. आता चांगला साडेतीन इंच भरतो. कोपऱ्यातलं मातीचं मडकं आणि त्याभोवतीची वीतभर जागा त्याने आपली ठरवली आहे. कुणी तिकडे फिरकलं की धावून जातो. जागा राखणं हा त्याच्या जातीचा स्वभावच आहे. गरीब मोली-गप्पींच्या सोबत त्याला ठेवलं, ही चूक आमची.

मोलीला वेगळ्या बादलीत काढलं. आत्याबाई म्हणाल्या, “जखमेला हळद लाव की गं.” हळदीच्या गावात पहिला उपाय हळदच असतो. पण हळद पाण्यात विरघळत नाही, नुसतं पाणी गढूळ होतं. म्हणून लिटरला एक ग्रॅम या मापाने खडे मीठ घातलं. मोलीला मीठ मानवतं.

13 मे

हातजाळी घेऊन अर्धा तास पट्टेवाल्याच्या मागे लागले. तो मडक्याआड, मग फिल्टरच्या मागे, मग पुन्हा मडक्यात. लांब पात्यांचं पाणगवत मुळासकट उपटून वर आलं, तळाचा गाळ उठला, बाकीचे मासे भेदरून काचेवर आपटू लागले. जाळी बाजूला ठेवली.

रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, “आई, टाकी रिकामी कर. पाणी उतरलं की आपोआप सापडेल.”

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी. सध्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं. पिण्याचे हंडे भरून मग ड्रम भरतो. एका माशासाठी मे महिन्यात शंभर लिटर पाणी ओतून देणं मला जमणार नाही. दुसरंही कारण आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. सगळं उपसून धुऊन काढलं, तर एक मासा पकडायच्या नादात बाकीचे गमवायचे.

15 मे

सापळा करायला घेतला. सरबताची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली. ज्या बाटलीत फिनेल किंवा तेल होतं, ती कितीही धुतली तरी या कामाला चालत नाही. खांद्याच्या थोडं खाली, जिथे बाटली सरळ होते, तिथे कापली. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवला. आटे असलेलं तोंड अरुंद, त्यातून गप्पी जाईल पण पट्टेवाला जाणार नाही. म्हणून ते कापून घशाचं भोक साडेचार सेंटिमीटरचं केलं.

पाणी खेळायला भोकं हवीत. शेजारचे काका मोंढ्यात हमाली करतात. सध्या हळदीची आवक जोरात आहे. पोती शिवायचं एक जुनं दाभण त्यांच्याकडून मागून आणलं. ते गॅसवर तापवून बाटलीला सगळीकडून भोकं पाडली. प्रत्येक भोकाची कड पॉलिश पेपरने घासली. घशाची कड तर दोनदा घासली, कारण माशाचं अंग तिथूनच जाणार. दोन्ही भाग तंगुसाने बांधले. तांब्याची तार घरात होती, पण पाण्यात उतरलेलं तांबं माशांना बाधतं.

वजनासाठी आत एक काळा गोटा ठेवला. आधी त्यावर लिंबू पिळून पाहिलं. दगड फसफसला तर त्यात चुना आहे, तो पाण्याचा जडपणा वाढवतो. हा फसफसला नाही.

16 मे

पहिल्यांदा बाटली तरंगली. वरच्या बाजूला भोकं कमी, हवा अडकली होती. आणखी दहा पाडली. मग आत उकडलेला वाटाणा ठेवला. पाच मिनिटांत तीन मोली आत. पट्टेवाला लांबून पाहत राहिला. मोली बाहेर काढल्या, पुन्हा त्याच आत.

एक गोष्ट मात्र समजली. आत गेलेल्या मोलीला वाट सापडत नाही. ती बाटलीच्या कडेकडेने फिरते, घशाच्या बाजूने पुढे जाते, पण मधोमध असलेल्या भोकाकडे वळत नाही. जाताना नरसाळं तिला आत आणतं, येताना तेच नरसाळं तिला कोपऱ्यात ढकलतं. सापळ्याचं सगळं काम एवढ्या आकारावर चालतं.

18 मे

आज वाईट झालं. काल रात्री सापळा तसाच ठेवून झोपले. पहाटे वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. सकाळी बाटलीत एक मोली मरून पडली होती.

वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. आमचं पाणी सध्या तिशीच्या वर आहे. त्यात बाटलीत पाणी खेळतं कमी. हे मी शाळेत मुलांना शिकवते आणि स्वतःच्या घरात विसरले. वहीत ठळक लिहून ठेवते : डोळ्यांसमोर असू तेवढाच वेळ सापळा पाण्यात ठेवायचा. झोपताना काढायचा.

19 मे

संध्याकाळी भोई गल्लीत गेले. तिथले एक आबा अजून बांबूच्या कामट्यांचे सापळे विणतात. बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली, घशातून बोटं घातली आणि आपला सापळा आणून शेजारी ठेवला. रचना तीच. त्यांच्या घशाला कामट्यांची टोकं आत वळवलेली. मासा आत शिरताना ती वाकतात, परतताना टोचतात. मृगाच्या पावसात मासे चढणीला लागले की ओढ्याच्या अरुंद धारेत तो लावतात.

म्हणाले, “बाई, तुमचं भांडं बरोबर हाय. जागा चुकली. मधोमध काहून ठेवलं? मासा काठाकाठानं चालतो. अन् उजेडात कोण घुसंल? सावली करा.”

निघताना पूर्णा नदीतल्या माशांचं विचारलं. म्हणाले, “आता जाळ्यात चिलापीच लई.” चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. माणसानेच आणलेली.

22 मे

बाटलीला बाहेरून काळं सुती कापड गुंडाळलं, मागची बाजू पाहण्यासाठी उघडी ठेवली. मडकं काढलं आणि नेमकं त्याच जागी, मागच्या काचेला लागून सापळा ठेवला. खाणं ठेवलं नाही. दोन दिवस मी समोर असेन तेव्हा ठेवायचा, रात्री काढायचा, एवढंच. मोली अंधारात शिरल्या नाहीत. पट्टेवाला मात्र तोंडाशी येऊन थांबू लागला.

24 मे

काल दिवसभर टाकीत दाणा टाकला नाही. मोठ्या माशांना एक दिवसाचा उपास सहज सोसतो. आज सकाळी कुंडीतलं गांडूळ धुऊन, तुकडा करून बाटलीच्या टोकाशी ठेवला. शेजारचा सहावीतला मुलगा माझ्या शेजारी मांडी घालून बसला. सतरा मिनिटं गेली. पट्टेवाला आला, घशात डोकं घातलं, मागे सरला, पुन्हा आला आणि आत गेला.

“काकू, गेला!” मुलगा ओरडला. मी बाटली उभी करून, पाण्यासकट उचलून बादलीत उतरवली. खवला निघाला नाही, पंख फाटला नाही. टाकीतलं एक पातंही हललं नव्हतं.

मुलगा म्हणाला, “आता आसना नदीत सोडू या. आरोग्यवाले गप्पी सोडतात की.” मी त्याला समजावलं. गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं ते साचलेल्या, बंदिस्त पाण्यात सोडतात. नदीची गोष्ट वेगळी. आसना आज डबक्यांपुरती उरली आहे, पण पावसाळ्यात ती वाहते, नांदेडजवळ गोदावरीला मिळते, आणि तिथून पुढे सगळी गोदावरी मोकळी. आपल्या टाकीतला रोगही माशाबरोबर जातो. उजनीच्या जलाशयात आज काचा चाटणारे सकर मासे मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. ते दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेले नाहीत. कुणाच्या तरी टाकीत ते मावेनासे झाले होते.

26 मे

पट्टेवाल्याला घेऊन एसटीने नांदेडला गेले. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, बाहेरून ओला पंचा. दुकानदाराने त्याच्याच जातीच्या माशांच्या टाकीत त्याला सोडलं. पैसे मागितले नाहीत, दिले नाहीत.

घरी आले तेव्हा मोली मडक्याच्या जागेवर चरत होत्या. बादलीतली मोलीही आज टाकीत परतली. तिची शेपूट कडेने भरू लागली आहे.

सापळा धुऊन माळ्यावर ठेवला. शेजारच्या मुलाने आपल्यासाठी दुसरा करायला बाटली आणली आहे. त्याला दोन अटी घातल्या, ज्याच्या घरी टाकी आहे त्या प्रत्येकाला त्याच सांगेन : सापळा लावून झोपू नका, आणि टाकीतला मासा नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. नको झाला तर दुकानात परत द्या, सांभाळणाऱ्याला द्या.